रामचंद्र गुहा, जंगल आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामचंद्र गुहा हे नाव मराठी वाचकाला बहुतेक वेळा गांधींमुळे, क्रिकेटमुळे किंवा वर्तमानपत्रातल्या सदरामुळे माहीत असतं. ते मुळात जंगलाचे इतिहासकार आहेत, असं सांगितलं की समोरचा जरा थबकतो आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

गुहा म्हणजे बंगाली ना? 'सबाल्टर्न'वाले गुहा हेच का?

दोन्हींचं उत्तर नाही. रामचंद्र गुहा तमिळ कुटुंबातले. जन्म 29 एप्रिल 1958चा, देहरादूनचा, आणि राहणं बरीच वर्षं बंगळुरूला. शेतकऱ्यांच्या बंडांवर लिहिणारे आणि 'सबाल्टर्न स्टडीज' ही तळच्या लोकांच्या बाजूनं इतिहास सांगणारी ग्रंथमालिका सुरू करणारे ते रणजित गुहा, वेगळे. घोटाळा व्हायला आणखी एक कारण आहे. त्याच मालिकेच्या चौथ्या खंडात (1985) रामचंद्र गुहांचा उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या जंगल-आंदोलनांवरचा लेख आहे. शिवाय सुमित गुहा म्हणून तिसरे इतिहासकार आहेत आणि त्यांनीही पश्चिम भारतातल्या जंगलांवर व तिथल्या लोकांवर मोलाचं लिहिलं आहे. ग्रंथालयात पुस्तक मागताना पूर्ण नाव सांगितलेलं बरं.

पर्यावरणाचा इतिहास म्हणजे काय? झाडांचा इतिहास?

झाडांचा, पाण्याचा, गवताचा, पण माणसासकट. राजा कोण होता, लढाई कोणी जिंकली, हे नेहमीचा इतिहास विचारतो. इथे प्रश्न असे असतात: सरपण कुठून यायचं? गुरं कुठे चरायची? त्या कुरणावर एके दिवशी कुंपण आलं, ते कोणी घातलं आणि कोणत्या कायद्यानं? गुहांच्या बाबतीत हे सगळे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात: हे झाड कोणाचं? गावाचं, राजाचं, सरकारचं, ठेकेदाराचं की वाघाचं? त्यांची पहिली वीस वर्षं या एका प्रश्नात गेली आणि पुढच्या पुस्तकांतही तो अधूनमधून डोकं वर काढतोच.

ते या विषयाकडे वळले कसे?

वळायला फार लांब जावं लागलं नाही. वडील देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. म्हणजे ज्या वनखात्याची गुहांनी पुढे एवढी झाडाझडती घेतली, त्याच खात्याच्या अंगणात त्यांचं बालपण गेलं. शाळा डून स्कूल, मग दिल्लीचं सेंट स्टीफन्स कॉलेज आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. घेतलं अर्थशास्त्र, पण त्यात मन रमलं नाही. कलकत्त्याच्या आयआयएममध्ये त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेटचं काम केलं, विषय उत्तराखंडातल्या जंगलांचा सामाजिक इतिहास. व्यवस्थापनाच्या संस्थेत बसून चिपकोवर प्रबंध लिहिणं, हे आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

'द अनक्वाएट वूड्स' या पहिल्या पुस्तकात असं काय आहे?

हे पुस्तक 1989चं. त्याआधी चिपकोची गोष्ट सांगताना सुरुवात 1973ला व्हायची. मंडल गावाजवळची अंगूची झाडं सरकारनं अलाहाबादच्या एका खेळसाहित्य कंपनीला दिली. अंगूचं लाकूड हलकं पण चिवट, बैलाच्या जूसाठी पहाडी शेतकरी तेच वापरायचा. चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघानं शेतीच्या अवजारांसाठी तीच झाडं मागितली होती, तेव्हा नाही म्हणून सांगितलं गेलं होतं. रॅकेटसाठी झाड आहे, जूसाठी नाही, यावरून ठिणगी पडली. पुढच्या वर्षी, 26 मार्च 1974ला, रेणी गावात पुरुष घरी नसताना गौरादेवी आणि गावच्या बायकांनी तोडीला आलेल्या माणसांना परत पाठवलं. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेतही ऐकलेली असते.

गुहा म्हणाले, ही गोष्ट सुरू होते त्याच्या शंभर वर्षं आधी. 1864ला इंग्रजांनी वनखातं काढलं, पहिले प्रमुख जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिस. निकड होती रेल्वेची. रुळांखाली घालायच्या स्लीपरांना साग, साल आणि देवदार लागत. 1878च्या कायद्यानं जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले आणि गावाचा पिढीजात हक्क सरकारच्या मर्जीवर आला. शतक संपेपर्यंत देशाच्या एक पंचमांशाहून जास्त जमिनीवर या एका खात्याचा ताबा होता.

यानंतर पुस्तकाचा खरा गाभा येतो. गुहांनी दोन शेजारी प्रदेश घेतले: थेट इंग्रजी अंमलाखालचं कुमाऊँ आणि संस्थानी टिहरी गढवाल. डोंगर तेच, शेती तीच, जंगलाचे कायदेही जवळपास सारखे. लोकांचा विरोध मात्र वेगळ्या वळणाचा. टिहरीचा राजा म्हणजे 'बोलांदा बद्री', बोलता बद्रीनाथ. त्यामुळे तिथे रयत राजावर उठत नसे. ती अंमलदारांची गाऱ्हाणी घेऊन राजाकडे जायची, काम बंद पाडायची, नियम धाब्यावर बसवायची. याला म्हणायचे 'ढंडक', म्हणजे रूढीनं मान्य असलेलं बंडच. राजानं दाद द्यावी ही अपेक्षा असायची आणि बऱ्याचदा तो द्यायचाही. 30 मे 1930ला मात्र रवाईं भागात तिलाडीच्या मैदानावर जमलेल्या लोकांवर संस्थानच्या फौजेनं गोळ्या घातल्या. राजा तेव्हा युरोपात होता. मृतांचा आकडा आजही वेगवेगळा सांगितला जातो.

कुमाऊँत असा मायबाप राजा नव्हता. तिथे 1921च्या जानेवारीत बागेश्वरला वेठबिगारीची रजिस्टरं नदीत गेली आणि उन्हाळ्यात जंगलं पेटली. गुहांनी कागदपत्रांतून काढलेला एक तपशील मला संपूर्ण पुस्तकात सगळ्यात बोलका वाटतो. लोकांनी पेटवली ती चीडाची म्हणजे पाइनची जंगलं, ज्यांतून खात्याला लिसा म्हणजे राळ आणि लाकूड मिळायचं. बांजची म्हणजे पहाडी ओकची रुंद पानांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना झळ लागल्याची नोंद नाही. बांजचा पाला गुरांना लागतो, त्याच्या मुळांशी पाणी धरून राहतं. खात्याच्या दप्तरात ज्यांची नोंद आग लावणारे अडाणी म्हणून झाली, त्यांनी झाड पारखून काडी लावली होती.

मग चिपको ही बायकांची चळवळ नव्हती? पर्यावरणाची नव्हती?

बायका होत्याच, आणि रेणीत तर त्याच होत्या. गुहांचा मुद्दा असा की जगाला दिसलेला चिपकोचा चेहरा पर्यावरणाचा आहे, आतला चेहरा शेतकऱ्याच्या हक्काचा. झाड वाचवणं हे साधन होतं, जंगलावरचा हक्क परत मिळवणं हा हेतू. चिपकोला मुख्यतः स्त्रीवादी चळवळ म्हणून मांडणाऱ्यांशी त्यांचं पटलं नाही. मला त्यांचा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. डोक्यावरून सरपण आणि चारा कोण आणतं, या प्रश्नाला त्या पुस्तकात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

माधव गाडगीळांबरोबर त्यांनी काय लिहिलं?

दोन पुस्तकं. 1992चं 'धिस फिशर्ड लँड', म्हणजे भारताचा पर्यावरणीय इतिहास, आणि 1995चं 'इकॉलॉजी अँड इक्विटी'. गाडगीळ पुण्याचे, परिसरशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र त्यांनी उभं केलं. गुहा समाजशास्त्रातून आलेले. एकाच्या पायाखाली सह्याद्री, दुसऱ्याच्या हिमालय.

मराठी वाचकानं गुहांचं एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तर मी 'धिस फिशर्ड लँड' सुचवेन. त्यात जातीकडे पाहायची एक वेगळीच नजर आहे: एका परिसरात राहणाऱ्या जातींनी निसर्गातले जिन्नस वाटून घेतले होते, म्हणून एकमेकांच्या ताटात हात कमी जायचा. याला आधार आहे तो गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रात केलेल्या पाहणीचा. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात फिरत आणि तिघेही शिकार करत. नंदीवाले कुत्रे सोडून रानडुकरासारखी जनावरं धरत, वैदूंचा भर पाण्यातल्या जिवांवर आणि सापळ्यात येणाऱ्या लहान जनावरांवर, फासेपारधी फास लावून हरणं आणि पक्षी पकडत. ही पानं वाचताना पारध्याच्या फासाकडे नव्यानं पाहावंसं वाटतं. पण हेही लक्षात येतं की ही 'वाटणी' ज्यांच्या वाट्याला कमी आलं त्यांना विचारून झालेली नव्हती. लेखकांना विषमतेची जाणीव आहे, तरी परिसराचं गणित मांडण्याच्या भरात ती थोडी मागे पडते.

दुसऱ्या पुस्तकानं वर्गवारीचे काही शब्द दिले. जंगलावर, ओढ्यावर, शेतावर थेट जगणारे ते 'परिसंस्थेवर जगणारे लोक'. देशभरातून, जगभरातून ओढून आणलेल्या गोष्टींवर जगणारे ते 'सर्वभक्षी'. आणि या ओढाताणीत उखडून झोपडपट्टीत आलेले ते 'परिसर-निर्वासित'. आपण बहुतेक जण मधल्या खान्यात बसतो.

यात महाराष्ट्र कुठे येतो? नुसते गाडगीळ पुण्याचे म्हणून?

नाही, बराच आत येतो. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर एक जळजळीत उतारा आहे. पूर्वी अल्पभूधारक कुणबी रानातली उंबरं-जांभळं खाऊन, पळसाची-मोहाची पानंफुलं विकून आणि गावच्या गायरानावर दोन-चार जनावरं पाळून तग धरायचा. नव्या खात्यानं डोंगर, दऱ्या, पडीक रान सगळंच घशात घातलं आणि त्याच्या शेळीला वाराही मोकळा राहिला नाही, असा त्याचा आशय. गाडगीळ-गुहांनी हा उतारा आपल्या पुस्तकात आणला. पर्यावरण हा शब्दही नव्हता त्या काळात फुल्यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला होता, पण आपण तो शेतकऱ्याच्या कर्जाच्या संदर्भात वाचत आलो.

दुसरं म्हणजे पुण्याची सार्वजनिक सभा. 1878च्या कायद्याला सभेनं लेखी विरोध केला. लोकांना जंगलातून हुसकू नका, त्यांना विश्वासात घ्या, आपापलं रान राखणाऱ्या गावांना बक्षीस द्या, म्हणजे शेजारच्या गावांत चढाओढ लागेल, असं तिचं म्हणणं होतं. सरकारनं ऐकलं नाही. 'सामूहिक वनव्यवस्थापन' म्हणून आपण जे अलीकडचं मानतो ते दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात कागदावर होतं, हे दाखवणाऱ्या गुहांच्या निबंधालाच पुढे अमेरिकेत पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा सभेच्या त्या अर्जाची आठवण किती जणांना झाली असेल कोण जाणे.

एक जोड माझी. तिलाडीचा गोळीबार मे 1930चा, आणि उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या 25 सप्टेंबर 1930ला. एक हिमालयात, एक कोकणात, मध्ये चार महिनेही नाहीत. ही दोन नावं आपल्याकडे एका वाक्यात क्वचितच येतात.

ते वाघाच्या विरोधात आहेत, असं ऐकलं. खरं का?

वाघाच्या नाही. 1989ला 'एन्व्हायर्नमेंटल एथिक्स' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला आणि अमेरिकन निसर्गप्रेमींत खळबळ उडाली. निर्मनुष्य रान हाच खरा निसर्ग, ही कल्पना अमेरिकेत ठीक असेल. दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशात ती आणली की गरिबाला घराबाहेर काढूनच अमलात येते, असं त्यांनी लिहिलं. उदाहरण दिलं ते व्याघ्रप्रकल्पाचं: गरिबांकडची साधनं उचलून श्रीमंतांच्या हाती दिली. भाषा मुद्दाम तिखट आहे. ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या आसपासच्या गावात बसून तो लेख वाचला तर त्यातलं बरंच आजचं वाटतं. एवढं खरं की संरक्षणाशिवाय वाघ उरला असता का, या प्रश्नाशी लेख फार वेळ थांबत नाही.

याच विचारातून पुढे स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ जोआन मार्टिनेझ-आलिए यांच्याबरोबरचं 1997चं पुस्तक आलं. पोट भरल्यावरच माणसाला निसर्ग सुचतो, हा समज त्यात खोडला आहे. उपाशीपोटीही पर्यावरणाची चळवळ होते, कारण तिथे प्रश्न सौंदर्याचा नसून जगण्याचा असतो.

त्यांना कोणकोणते पुरस्कार मिळाले?

जंगलाशी थेट नातं असलेला एकच: वर उल्लेख आलेल्या निबंधाला अमेरिकन पर्यावरण-इतिहास संस्थेचं 2001चं लिओपोल्ड-हायडी पारितोषिक. बाकीचे असे: 2009ला पद्मभूषण, 'इंडिया आफ्टर गांधी'साठी 2011चा साहित्य अकादमी पुरस्कार, 2014ला येल विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, 2015चा जपानमधला फुकुओका पुरस्कार, आणि 'रिबेल्स अगेन्स्ट द राज'साठी 2023चं एलिझाबेथ लाँगफर्ड पारितोषिक.

जंगल सोडून ते क्रिकेटकडे आणि गांधींकडे कसे गेले?

सोडून गेले असं मला वाटत नाही. मधला पूल आहे व्हेरिअर एल्विन. हा इंग्रज पाद्री 1927ला पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधींच्या प्रभावाखाली आला, पुढे चर्चपासून दुरावला आणि शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मध्य प्रांतात गोंड-बैगांमध्ये जाऊन राहिला. जंगलाचे कायदे आदिवासीचं काय करतात, हे त्यानं आयुष्यभर लिहिलं. विद्यार्थिदशेत एल्विन वाचूनच गुहा अर्थशास्त्राकडून समाजशास्त्राकडे सरकले. 1999ला त्यांनी एल्विनचं चरित्र लिहिलं आणि तिथून त्यांचा हात चरित्राकडे वळला तो कायमचा.

क्रिकेटवरचं 2002चं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' वाचताना तर घरचंच काही वाचतोय असं वाटतं. त्याचा नायक पालवणकर बाळू. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारा, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणारा दलित मुलगा. हिंदूंच्या क्रिकेट संघाला तो मैदानावर हवा होता, चहाला मात्र वेगळा कप, बाहेर. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही; 1923ला ते धाकटा भाऊ विठ्ठलला मिळालं. महाराष्ट्रात बाळूची आठवण पुसट झाली होती, ती एका तमिळ इतिहासकारानं बंगळुरूहून परत करावी याचं थोडं वाईट वाटतं. हिरवळीचा मालक कोण आणि ती राखणारा कोण, हा प्रश्न इथेही आहेच.

गांधींवरचे दोन जाड खंड (2013 आणि 2018) आणि स्वातंत्र्योत्तर भारताचा इतिहास (2007) यांबद्दल इतकं लिहून झालं आहे की इथे थांबत नाही.

मग पर्यावरणावर अलीकडे काहीच नाही?

आहे. 2024चं 'स्पीकिंग विथ नेचर'. भारतात पर्यावरणाचा विचार चिपकोपासून सुरू झाला, असं सांगणाऱ्यांत एकेकाळी गुहा स्वतःही होते. इथे ते मागे जाऊन दहा जणांचा शोध घेतात. टागोर आहेत, राधाकमल मुखर्जी आहेत, कन्हैयालाल मुन्शी आहेत, तमिळ निसर्गलेखक एम. कृष्णन आहेत. आपल्या मातीशी जवळीक असलेलेही बरेच. जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं केलं. मीराबेन सेवाग्रामहून पुढे गढवालात गेल्या आणि बांज हटून चीड पसरतोय, त्यानं डोंगराचं पाणी जातंय, हे चिपकोच्या वीस वर्षं आधी लिहू लागल्या. पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या जोडप्यापैकी अल्बर्ट यांनी शेतकऱ्यांकडे पाहून कंपोस्टची जी रीत बसवली, तीच आपल्याकडची 'इंदूर पद्धत'.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

मुख्य टीका अशी की इंग्रज येण्याआधीचा काळ त्यांनी फार गोडगोड रंगवला. जणू गाव, जात आणि जंगल सुखानं नांदत होते आणि 1864ला सगळं बिघडलं. रिचर्ड ग्रोव्ह यांनी दाखवलं की वसाहतवाद्यांत जंगल राखण्याचा विचार रेल्वेच्या आधीपासून होता आणि त्यामागे नुसता लाकडाचा हिशेब नव्हता. सुमित गुहांनी पश्चिम भारताची कागदपत्रं वाचून सांगितलं की इथलं जंगल आणि 'जंगली' लोक दोन्ही सतत बदलत होते. स्थिर सुवर्णकाळ असा नव्हताच. हरिप्रिया रंगन यांचा रोख चिपकोच्या दंतकथेवर होता: 1980चा वनसंरक्षण कायदा आला, उंच भागातल्या तोडीवर बंदी आली आणि ज्यांनी चळवळ केली त्याच पहाडी माणसाला रोजगाराला मुकावं लागलं. मला हे आक्षेप रास्त वाटतात. पण भांडायला आधी कोणीतरी मैदान आखावं लागतं, ते 'द अनक्वाएट वूड्स' आणि 'धिस फिशर्ड लँड' या दोन पुस्तकांनी आखलं.

राजकीयदृष्ट्या ते कोणत्या बाजूचे?

स्वतःला उदारमतवादी म्हणवतात. काँग्रेसच्या घराणेशाहीवर, भाजपवर आणि डाव्यांवरही त्यांनी लिहिलं आहे, त्यामुळे शिव्या तिन्हीकडून खातात. 2017ला सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या क्रिकेट मंडळाच्या प्रशासक समितीत होते, काही महिन्यांत राजीनामा दिला. डिसेंबर 2019मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनात बंगळुरूच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं होतं.

मराठीत काय मिळेल? सुरुवात कुठून करावी?

'गांधीनंतरचा भारत' हा शारदा साठे यांचा अनुवाद आहे. 'साधना'मधलं त्यांचं 'कालपरवा' हे सदर पुस्तकरूपात मिळतं. 'मेकर्स ऑफ मॉडर्न इंडिया' या त्यांच्या संपादित ग्रंथात फुले, ताराबाई शिंदे, टिळक, गोखले, आंबेडकर यांच्या जोडीला हमीद दलवाईही आहेत, आणि दलवाईंना या रांगेत बसवणं ही गुहांची हिंमतच म्हणायची.

जंगलासाठी मात्र इंग्रजीकडे जावं लागतं. 'द अनक्वाएट वूड्स' घ्या, पण पहिल्या पानापासून नको. सुरुवातीची सैद्धांतिक चर्चा रुक्ष आहे. टिहरीचं प्रकरण काढा, मग कुमाऊँचं, आणि मागे वळून सुरुवात वाचा. मधे कधीतरी 'असूड'मधला तो जंगलखात्याचा उतारा शोधून शेजारी ठेवा.